वालाचं वेळापत्रक

अक्कानं मला वालाचं बी दिलं तेव्हा मी घाईत होतो. कोरेगावच्या उत्तरेला तिचं सासर, आणि मला साताऱ्याकडे यायची साडेपाचची गाडी गाठायची होती. जन्मभर एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून काम केलेल्या माणसानं गाडी चुकवणं शोभलं नसतं. अक्का मात्र निवांत. तिनं माजघरातली उतरंड एकेक करून खाली उतरवली, तिसऱ्या गाडग्यात कोपरापर्यंत हात घातला, राखेतनं मूठभर बी वर काढलं, सुपात घोळून राख उडवली आणि औषधाच्या दुकानातल्या कागदी पिशवीत भरून माझ्या हातात दिलं. काळं कुळकुळीत बी आणि प्रत्येकाच्या कडेला पांढरी ठसठशीत रेघ, आत्ताच गंध लावून बसल्यासारखी.

"लावायच्या येळंला फोन कर मला," ती म्हणाली.

"करतो की."

केला नाही. पुढं जे झालं त्याची सुरुवात इथं आहे.

हे संक्रांतीच्या आसपासचं. त्या वर्षी मी नुकताच निवृत्त झालो होतो. पहिले दोन-तीन महिने पहाटे पावणेपाचला आपोआप उठून बसायचो. कुठल्या तरी गाडीची वेळ झालेली असायची, आता ती कुणाच्या तरी दुसऱ्याच्या वहीत लिहिली जाणार होती. अंधारात मी चहा करून प्यायचो आणि भांड्यांच्या आवाजानं बायको उठायची. एक दिवस ती म्हणाली, "उठताच आहात तर परसातलं गवत तरी काढा."

आमचं घर शाहूपुरीत, यवतेश्वराच्या डोंगराच्या बाजूला. परस म्हणजे वीस बाय बाराचा तुकडा. त्यात कपडे धुवायचा दगड, कढीपत्त्याचं एक झाड आणि वर्षानुवर्षं साठलेलं अडगळीचं सामान. कुदळ मारली की चार बोटं माती आणि खाली मुरूम, ठिणगी उडेल असा. संगम माहुलीकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून छोटा हत्तीभर काळी माती आणली, तिच्यात शेणखत मिसळलं आणि भिंतीकडेनं दोन सऱ्या पाडल्या. जागा कमी, तेव्हा वर जाणारं काहीतरी लावावं, असा माझा हिशोब. स्टँडवर फलाट कमी पडले की आम्ही गाड्या उभ्या करायला आडव्या जागा शोधत असू. इथं निदान आभाळाकडची जागा मोकळी होती.

मांडवाला काठ्या कारवीच्या मिळाल्या. मेढ्याकडच्या एका जुन्या सहकाऱ्यानं गोठ्याचा कूड मोडून विटांची भिंत घातली होती. त्या कुडाच्या कारव्या त्यानं मोळी बांधून गाडीच्या टपावरून पाठवून दिल्या. वर्षानुवर्षं शेणानं लिंपलेल्या त्या काठ्या धुऊन काढल्या तरी पाऊस आला की गोठ्याचा वास सोडायच्या. बांबूपेक्षा मला कारवी बरी वाटते. बांबू गुळगुळीत, वेल त्यावरून घसरतो. कारवीला पेरं असतात, सालीला खरखर असते, वेलाला धरायला काहीतरी मिळतं.

फेब्रुवारी संपता संपता बियाणं आणायला गेलो. दुकानदारानं विचारलं, "झुडपी देऊ का वेली?" मी रुबाबात म्हणालो, "वेली." उन्हाळी चवळीचं एक पाकीट घेतलं, श्रावण घेवड्याचं एक घेतलं. आणि घरी अक्काच्या वालाची पिशवी होतीच.

आता या नावांचा एकदा गुंता सोडवायला हवा, कारण बायकोशी माझे निम्मे वाद यावरून झाले. श्रावण घेवडा म्हणजे फरसबी. फरसबी म्हणजे फ्रेंच बीन, तो शब्द आपल्या तोंडात पडून पडून असा गोल झाला. डबल बीचंही तसंच. फरसबीचं नाव फ्रेंच, आपण जोडला श्रावण, आणि वेल मुळात अमेरिका खंडातला, पोर्तुगीजांच्या जहाजांच्या काळात इकडे आलेला. कोरेगावकडे मात्र नुसतं 'घेवडा' म्हटलं की माणसं वाघ्या घेवडा समजतात. तोही या फरसबीच्याच कुळातला, पण दाण्यासाठी पिकवायचा. फिक्या दाण्यावर लालसर पट्टे, म्हणून वाघ्या. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं आणि उत्तरेकडे तो राजमा म्हणून विकला जातो. तो पावसाळी, शेतातला, बुटका. त्याला मांडवबिंडव लागत नाही. वाल आणि पावटा हे निराळं घराणं, फार जुनं. वनस्पतिशास्त्रवाले या दोघांना एकाच जातीत बसवतात. मंडईतल्या बायका त्यांना एका पाटीत बसू देत नाहीत, आणि भाजी खाणाऱ्यानं मंडईचं ऐकावं. चवळी आणखी तिसरीच. बायकोच्या मते या सगळ्याला 'शेंगा' म्हटलं की पुरतं.

मी तिन्ही एकाच दिवशी लावले. एका सरीत चवळी, दुसरीत अर्धा श्रावण घेवडा, आणि कोपऱ्यात, शेजारच्या भिंतीला लागून, वालाच्या सहा बिया. बाकीच्या पिशवीत ठेवल्या, एवढी अक्कल देवानं दिली.

बी वर येताना मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होतो. घेवड्याचं आधी मातीला तडा जातो, मग वाकलेली मान दिसते, डोकं अजून खालीच. गर्दीत अडकलेला माणूस खांदा आधी बाहेर काढतो तसं. मग दुपारच्या उन्हात एकदम डोकं वर, दोन जाडजूड डाळिंब्या, आणि त्यांच्या मधोमध घडी घातलेली पहिली पानं. आठवड्याभरात वेलाचा शेंडा काठी शोधायला लागला.

त्या शोधण्यानं मला वेड लावलं. पहाटे चहाचा कप घेऊन मी स्टुलावर बसायचो. शेंडा पूर्वेकडे झुकलेला असायचा. पेपर वाचून झाला की तो उत्तरेकडे. आंघोळ करून आलो की पश्चिमेकडे. साधारण दोन तासांत एक फेरी. वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट, दर वेळी उलट. आपण देवळाला उजवी घालतो, घेवडा काठीला उलटी प्रदक्षिणा घालतो. मला वाटलं, लहान आहे, वळण लावलं तर लागेल. एक शेंडा अलगद सोडवून कारवीभोवती सरळ दिशेनं तीन वेढे दिले आणि सुतळीनं हलकी गाठ मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाठीच्या वरचे दोन्ही वेढे उलगडलेले. शेंडा हवेत मोकळा, आणि पुन्हा आपल्या दिशेनं निघालेला. गाठीखालचा वेढा तेवढा माझा राहिला होता. तो शेवटपर्यंत तसाच होता, एखाद्या चुकीच्या पाटीसारखा.

मागाहून वाचलं की डार्विनही यात रमला होता. आजारपणामुळं त्याला खोलीबाहेर पडता येत नव्हतं, तेव्हा त्यानं हॉप नावाच्या वेलाची कुंडी खोलीत ठेवून घेतली आणि रात्रंदिवस त्याच्या शेंड्याच्या फेऱ्यांची नोंद केली. पुढं १८६५ साली त्यानं चढणाऱ्या वेलींवर मोठा निबंध छापला. हॉप घड्याळाच्या दिशेनं फिरतो आणि घेवडा उलटा. मला त्या नोंदींचं कौतुक वाटलं. कोण किती वाजता कुठं होतं हे वहीत लिहिणं, एवढंच मीही केलं आयुष्यभर.

चवळीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण तिनं काही त्रासच दिला नाही. एप्रिलच्या मध्यावर कोवळ्या शेंगा लोंबायला लागल्या. फुलं पहाटे उमलायची, फिकट जांभळी, आणि दुपारच्या आत मिटून जायची, म्हणजे उशिरा उठणाऱ्याला ती दिसायचीच नाहीत. मध्ये मावा पडला. शेंड्यांवर काळी बारीक चिकट गर्दी आणि तिच्या राखणीला मुंग्या. मी साबणाच्या पाण्यानं शेंडे धुतले, दोन आठवड्यांत ढालकिडे आले आणि त्यांनी उरलेलं काम केलं. बायकोनं शेंगा मोडून, शेंगदाण्याचं कूट आणि घरची चटणी घालून भाजी केली. इथं चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला, बाहेरच्यांनी गैरसमज करून घेऊ नये. उन्हाळ्यात परसात काही लावायचं असेल तर डोळे झाकून चवळी लावावी. माझं मत.

श्रावण घेवड्यानं फुलं दिली, पण शेंग धरली नाही. सकाळी पाहावं तर सरीत पांढऱ्या फुलांचा सडा. मला वाटलं पाणी कमी पडलं, म्हणून संध्याकाळीही घातलं. मग वाटलं जास्त झालं. खरं कारण डोक्यावर तळपत होतं. त्या दिवसांत साताऱ्यात पारा ३८ च्या पुढं होता. या वेलाला सौम्य हवा लागते. पारा तिशी ओलांडून चढत गेला की त्याचे पराग निकामी होतात आणि फूल देठासकट गळून पडतं. ज्याच्या नावातच श्रावण आहे त्याला मी चैत्र-वैशाखात फुलायला बसवलं होतं. नावं ठेवणाऱ्या बायकांना हे ठाऊक होतं, मी फक्त पाकीट वाचलं, आणि त्यावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात काय लिहिलंय ते चष्म्याशिवाय वाचलं.

मे महिन्यात ते वेल उपटले. उपटताना मुळं पाहिली. चवळीचं एक थकलेलं रोपही काढलं होतं, दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. चवळीच्या मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठीच गाठी, घेवड्याच्या मुळांवर शोधून काढाव्या लागतील अशा चार-दोन. चवळीची एक गाठ नखानं फोडली. आत गुलाबी, ओलसर, मटणाच्या दुकानातला रंग. या गाठींत रायझोबियम नावाचे जिवाणू हवेतला नत्र पकडून वेलाला देतात. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा चुलतभाऊ. चवळीला बहुतेक कुठल्याही मातीत हे भाडेकरू मिळतात. घेवड्याचं तसं नाही, तो चोखंदळ, आपल्याकडच्या मातीत त्याच्या गाठी नीट भरत नाहीत, म्हणून त्याला वरून नत्र द्यावा लागतो. हे मी बायकोला समजावून सांगत होतो, तर ती गाठ बघून म्हणाली, "हात साबणानं धुवा, मग सांगा."

राहिला वाल.

वाल चढत होता. कारवीच्या टोकाला पोचला, तिथून कपड्यांच्या तारेवर गेला, तारेवरून कढीपत्त्यावर, कढीपत्त्यावरून शेजारच्या भिंतीवर. पान हाताच्या पंजाएवढं, त्रिदळ, चुरगळलं की हिरवट तेलकट वास. उन्हाळाभर सगळ्या गल्लीत हिरवं काय असेल तर माझा वाल. आणि फूल एकही नाही. मी चिडलो. चिडलेला माणूस खत घालतो. मूठभर युरिया घातला, पंधरा दिवसांनी आणखी मूठभर. गुळाचं पाणी, ताक, शेणाचा काला, सांगेल त्याचं ऐकलं. नत्र खाऊन वालाला आणखी पानं फुटली. येणारे-जाणारे विचारायचे, "शेंगा लागल्या का?" एकानं तर विचारलं, "ही शोभेची वेल का?"

मृगाचा पाऊस झाला, वारीचे दिवस आले. नोकरीत असताना हे दिवस म्हणजे जादा गाड्या, लोणंद-फलटणकडचे बदललेले मार्ग आणि घशाला पडलेली कोरड. आता घरी बसून पावसाकडं बघत होतो. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी मी विळा घेऊन परसात गेलो. चार महिने झाले, बास. बायको कपडे धूत होती. तिच्या डोक्यावर वालाचं दाट छत झालं होतं, पावसाची रिपरिप तिच्यापर्यंत पोचत नव्हती.

"हात लावायचा नाही," ती म्हणाली. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोरडी बसून कपडे धुतीय."

वाल वाचला तो असा.

त्या रात्री अक्काला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झालं, तिच्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकत आला होता, ऑपरेशन भाद्रपदात करायचं ठरत होतं. मग हळूच म्हणालो, "अक्का, तुझ्या वालाला फूल येईना झालंय."

"कवा लावलास?"

"फेब्रुवारीत."

पलीकडं थोडा वेळ काहीच नाही. मग ती हसायला लागली. तिचं हसू तोंडावर पदर धरल्यावरही ऐकू येतं.

"आरं, उन्हाळ्यात कुणी वाल लावतं व्हय? त्यो दिस बारकं झाल्याबिगर फुलत न्हाई. लाव फेब्रुवारीत, लाव मिरगात, फुलायचा त्यो दसऱ्यालाच. सासूबाई म्हनायच्या, वालाला रात दिसाय लागती."

वालाला रात्र दिसायला लागते. मी फोन ठेवला आणि बराच वेळ तसाच बसलो. माझ्या सगळ्या नोकरीत मी दिवस मोजले. पहिली गाडी, शेवटची गाडी, मधल्या फेऱ्या. रात्र म्हणजे दोन वेळापत्रकांमधली रिकामी जागा. आणि या वेलाचं वेळापत्रक त्या रिकाम्या जागेतच लिहिलेलं होतं.

मग शोधून शोधून वाचलं. अमेरिकेच्या कृषी खात्यात गार्नर आणि अलार्ड म्हणून दोघे होते. त्यांच्याकडं तंबाखूचा एक वाण होता जो उन्हाळाभर उंच वाढत सुटायचा आणि फुलायचाच नाही. सोयाबीनचं एक वाण होतं, ते वेगवेगळ्या तारखांना पेरलं तरी फुलायचं साधारण एकाच सुमाराला. त्यांनी एक लहानशी अंधारी खोली बांधली, रोपं रोज थोडे तास त्यात ढकलली, दिवस कृत्रिमरीत्या आखूड केला आणि भर उन्हाळ्यात फुलं आणली. १९२० साली हे छापून आलं. पुढं १९३८ मध्ये दुसऱ्या एका जोडीनं दाखवलं की अशी झाडं मोजतात ती सलग रात्र. लांब रात्रीच्या मध्येच थोडा वेळ दिवा लावला तर झाडाचा हिशोब मोडतो, ते फुलत नाही. वालाचे जुने गावरान वाण या आखूड दिवसांच्या गोतावळ्यातले. आपल्या साताऱ्यात जूनच्या शेवटी दिवस तेरा तासांहून मोठा असतो आणि डिसेंबरात अकरा तासांवर येतो. एवढ्याशा दोन तासांच्या फरकावर अक्काच्या सासूबाईंची सगळी पेरणी चालायची, घड्याळ न बघता.

सुधारलेल्या काही वाणांनी हे बंधन झुगारलंय, ते कधीही फुलतात. दुकानात ते मिळतात. मी अक्काचा लावला होता.

ठीक आहे, म्हटलं, दसऱ्याची वाट बघू. युरिया बंद. श्रावण गेला, गणपती आले-गेले. घटस्थापनेच्या सुमाराला एका सकाळी शेजारच्या वहिनी भिंतीवरून डोकावल्या.

"भाऊजी, तुमचा वाल आमच्याकडं माहेरपणाला आलाय. फुललाय बघा."

स्टूल घेऊन भिंतीवरून पाहिलं. त्यांच्या मागच्या दारी आंब्याचं मोठं झाड, त्याखाली माझ्या वालाची एक फांदी पसरलेली, आणि तिच्यावर जांभळे तुरे उभे. शेंगा लोंबतात पण वालाची फुलं ताठ उभी असतात, उदबत्त्या खोचल्यासारखी. मोजले, अकरा तुरे. वळून माझ्या बाजूला पाहिलं. हिरवं छत, आणि त्यात काहीही नाही.

एकच बी, एकच मूळ, एकच पाणी. दसरा झाला, आपट्याची पानं वाटून झाली, वहिनींच्या बाजूला तुऱ्यांवर चपट्या शेंगांची बारीक टोकं दिसायला लागली, माझी बाजू तशीच. बायको म्हणाली, "खत आपण घालायचं आणि शेंगा त्यांनी खायच्या."

कोजागरीला उलगडा झाला. रात्री दहाच्या सुमाराला दूध आटवून झालं होतं, चंद्र दाखवायचा म्हणून पातेलं घेऊन परसात गेलो. चंद्र दिसेचना. म्हणजे होता, पण त्याच्यापेक्षा जवळ आणि त्याच्यापेक्षा पांढरा दुसरा एक उजेड माझ्या डोळ्यांत घुसत होता. गल्लीच्या कोपऱ्यावरचा नवा एलईडी दिवा. वालाचं प्रत्येक पान दुपारसारखं लख्ख, पानांच्या शिरा मोजता येतील इतकं. भिंतीपलीकडं आंब्याखाली मात्र काळोख.

आणि तो दिवा मी लावून घेतला होता. उन्हाळ्यात गल्लीत घोणस निघाली, तेव्हा सगळ्यांच्या सह्या घेऊन अर्ज घेऊन जाणारा मी. दोनदा हेलपाटे घालणारा मी. श्रावणात दिवा लागला तेव्हा गल्लीनं मला चहा पाजला होता. दिव्याखाली अंधार ही म्हण आपण टोमणा म्हणून वापरतो. माझ्या दिव्याखाली खरोखरीचा थोडा अंधार असता तर बरं झालं असतं.

दूध चुलीवरून काढून बराच वेळ झाला होता, त्यावर साय धरली. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग आता पुन्हा अर्ज करा, दिवा काढा म्हणून." गल्लीत लहान मुलं आहेत, घोणसही आहेच, असं काही करणं शक्य नव्हतं हे तिलाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी बाजारातून धान्याची रिकामी पोती आणली. चार पोती उसवून एकमेकांना शिवली, दाभणानं, सुतळीनं, आणि दिव्याच्या बाजूला दोन कारव्यांमध्ये ताणून बांधली. रात्री जाऊन पाहिलं. पोत्याच्या विणीतून उजेडाचे बारीक ठिपके पानांवर पडत होते, चाळणीतून पीठ पडावं तसे. तेही खटकले. आतून बायकोची जुनी काळी सतरंजी लावली. शेजारपाजाऱ्यांना वाटलं, घरात काही कार्य आहे.

भाऊबीजेला वहिनींच्या बाजूच्या पहिल्या शेंगा घेऊन अक्काकडं गेलो. पसाभर असतील, चपट्या, कडेनं जांभळट. ओवाळून झालं, ताटात पैसे टाकले आणि पिशवी तिच्या हातात दिली. ऑपरेशन झालं होतं, डोळ्यावर हिरवा चष्मा. तिनं शेंग पाहिली नाही. नाकाजवळ नेली, मग अंगठा आणि तर्जनीत धरून शेवटपासून देठापर्यंत चोळली. बोटांना तेल लागलं तसं मान हलवली.

"आमचाच हाय."

मग म्हणाली, "या बियाला आमच्या घरात सासूनं सुनंला द्यायची रीत. मी तुला दिलं, तर सासूबाई वर रागावल्या असतील." माझी सून पुण्यात, तिच्या गच्चीत कुंड्या आहेत चार. मी काही बोललो नाही.

तिला डोळ्याच्या तपासणीला साताऱ्याला यायचं होतं, माझ्याबरोबरच आली. संध्याकाळी बायकोनं वांगं घालून वालाची भाजी टाकली. अक्का शेंगा निवडायला बसली. शेंगेचं टोक मोडायचं, शीर ओढून देठापर्यंत न्यायची, उलट बाजूची शीर परत खाली आणायची, मग मधोमध मोडायची. नजर दुसरीकडं, बोटं आपली चालू. अळीनं छिद्र पाडलेली शेंग बोटाला लागली की न बघता वेगळी पडत होती. आम्ही दोघं बघून निवडत होतो आणि आमच्या ढिगात दोन अळ्या निघाल्या.

सकाळी मी तिला परसात नेलं. पोती, सतरंजी, कारव्या, सगळं दाखवलं, दिव्याचं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती पोत्याला हात लावून उभी राहिली.

"रातीचं वारं लागतं का इकडनं?"

"लागतं."

"मग खालनं दगुड ठेव. उडंल."

तिनं चष्मा वर सारला, वेलाच्या आत तोंड घालून बारकाईनं पाहिलं आणि मला बोलावलं. सतरंजीच्या मागं, पानाच्या बगलेत, तांदळाच्या दाण्याएवढ्या हिरव्या कळ्यांचा एक तुरा आला होता. एकच. अजून जांभळा व्हायचा होता.

मग ती स्टुलावर चढली, मी धरायच्या आत, आणि भिंतीवरून वहिनींना हाक मारली. सगळ्यात खालच्या, सगळ्यात आधी धरलेल्या दोन घोसांना तिनं लुगड्याच्या काठाची चिंधी बांधायला लावली. या तोडायच्या नाहीत, वेलावरच वाळू द्यायच्या, वाजायला लागल्या की काढायच्या. वहिनी म्हणाल्या, "पण शेंगा तर यांच्या." अक्का म्हणाली, "धरल्या तुमच्याकडं न्हवं का."

ती गेली त्या रात्री वारा होता. दहाच्या सुमाराला मी बॅटरी न घेता परसात गेलो. खाली दगड ठेवले होते, पण वरच्या कोपऱ्याची शिवण सुटली होती आणि दिव्याचा हातभर पट्टा आत शिरून बरोबर त्या कळ्यांवर पडला होता. तारेवर कपड्यांचे चिमटे होते. एकेक काढून मी तो कोपरा बंद करत गेलो. सात चिमटे लागले.